लाल अक्षरं

ते शोवा बेचाळीसचं साल, म्हणजे १९६७. त्या वर्षी जपानच्या कुरोहामा बंदरात मिकामींच्या इनेआजींचं मरण लहानथोरांना तोंडपाठ झालं होतं, आणि इनेआजी स्वतः रोज दुपारी घरच्याच सार्वजनिक न्हाणीघरात चौकीवर येऊन बसत होत्या.

चौकी म्हणजे दारातली उंच बैठक. एका हाताला पुरुषांची बाजू, दुसऱ्या हाताला बायकांची, मधे भिंत, आणि दोन्हीकडचं दिसेल-ऐकू येईल अशा मधोमध इनेआजी. अंगाने मूठभर, पण चौकीवर बसल्या की बंदरावरचे दांडगे खलाशीसुद्धा चपला सरळ लावून आत जायचे. पाण्याला वाफ धरली की भिंतीपलीकडे कोणीतरी सुरू करायचा. डोक्यावर घडी घातलेला पंचा, गळ्यापर्यंत पाणी, डोळे मिटलेले, आणि तेच गाणं, 'बंदराचा उतार'. शेवटच्या कडव्याआधी या गाण्यात वाद्यं थांबतात आणि गाणारा नुसता बोलतो. तेही सगळ्यांना पाठ.

"आई, मी आलोय गं. उशीर केला म्हणून बोलत नाहीस का? मार हवं तर. एक चापट मार, पण बोल."

एवढं झालं की पाण्यातले चारपाच जण हुंदका आवरल्याचं नाटक करायचे. एखाद्याचं ते नाटक नसायचंही. मग कपडे करून बाहेर पडताना चौकीसमोर त्यांची पावलं अडखळायची.

"आजी, माफ करा हं."

"कशाबद्दल रे?"

"नाही, ते गाण्यात तुम्ही... म्हणजे तुमचं..."

"बरं म्हणालास. फक्त शेवटाला सूर पाडतोस. माझ्या मरणावर रडायचं तर जरा सुरात रड."

मागच्या भट्टीत लाकडं सारताना फुसाए हे ऐकायची. ती या घरची थोरली सून. गावाला हसू यायचं, तिला यायचं नाही. कारण आदल्या वर्षअखेरीला आलेला एक फोन तिच्या मनात रुतून बसला होता, आणि त्याचा अर्थ तिला लागत नव्हता.

तबकडीवर हे गाणं म्हणणारा होता तिचा धाकटा दीर, युसाकु. पडद्यावरचं त्याचं नाव हिमुरो शिन. तलवारीच्या सिनेमांत नायकाच्या हातून शेवटी जो मरतो, तो हा. देखणा, पण ओठांची ठेवण जरा वाकडी, म्हणून स्टुडिओने पहिल्या दिवशीच त्याला दुष्टांच्या रांगेत बसवलं होतं. गाणं हा त्याचा जोडधंदा. सिनेमाच्या आधी थिएटरात नटाने पडद्यापुढे उभं राहून दोन गाणी म्हणायची, लोकांनी टाळ्या द्यायच्या, एवढंच. पण घरोघर टीव्ही आले, तलवारीचे सिनेमे आटले, आणि जोडधंद्यावरच चूल पेटायची वेळ आली. तेवढ्यात हे गाणं निघालं आणि वणव्यासारखं पसरलं. कंपनीने छापलं, गायकाची ही खरी कहाणी आहे. मुलगा परगावी असताना आई गेली, आणि त्याला कळलं ते तिच्या थडग्यापाशी. सगळ्या देशाने ते खरं धरलं. लांबलांबून बायका इनेआजींच्या नावाने उदबत्त्यांचे पुडे पाठवू लागल्या. इनेआजी ते पुडे नवऱ्याच्या देव्हाऱ्यापुढे लावायच्या आणि फोटोतल्या नवऱ्याला म्हणायच्या, "अहो, आहे माझं, पण घ्या तुम्ही. एवढा महागाचा वास तुमच्या नशिबी कधी होता?"

त्या ऑक्टोबरात सासऱ्यांचं तेराव्या वर्षाचं श्राद्ध होतं. न्हाणीघर बंद, म्हणून दाराला त्या दिवशी पडदा लागला नाही. शेजारच्या गावाहून मित्सुयो आली, ही नणंद, दोघा भावांच्या मधली. नवऱ्याचा माशांच्या वड्यांचा कारखाना, त्यामुळे येताना वड्यांची चळत आणि तोंडात कारखान्यातला आवाज. आणि सकाळी दहाच्या सुमारास काळी मोटार आली. तिच्यातून सात वर्षांनी युसाकु उतरला. पाठोपाठ कंपनीचा माणूस नेझु, आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला साप्ताहिकाचा फोटोवाला.

न्हाणीघराची जुनी चिमणी कोसळली त्या वर्षी दोघा भावांचं जे बोलणं तुटलं होतं, ते तुटलेलंच होतं. बापाचा धंदा सोडून तोंडाला रंग फासायला निघालास, आता ही पायरी चढू नकोस, असं थोरला शोहेई, म्हणजे फुसाएचा नवरा, म्हणाला होता, आणि युसाकुने ते शब्दशः पाळलं होतं. आताही तो पायरीखालीच उभा राहिला.

"काय, आमंत्रण पत्रिका हवी का?" चौकीवरून इनेआजी म्हणाल्या. "चढ वर. बारीक झालायस. मरायचे पैसे कमी देतात वाटतं."

"आई," एवढंच तो म्हणाला. मग फुसाएकडे बघून, "वहिनी, बऱ्या आहात?" त्याच्या आवाजाला तसा काही पोत नव्हता, पण बोलताना तो जरासा तुटायचा, आणि तेवढ्या तुटण्यावर लाखभर बायका जीव टाकत होत्या.

भटजी बाराला देवळात बोलावणार होते. वरच्या खोलीत चहा झाला, आणि नेझुने गुडघ्यांवर हात ठेवून, कपाळ चटईला टेकवून बोलायला सुरुवात केली. त्याचं कपाळ टेकलं तेव्हाच फुसाएला कळलं, मागणं मोठं आहे.

गाण्यावर आता सिनेमा निघत होता. दुष्टाचा नाही, नायकाचा रोल, युसाकुच्या आयुष्यातला पहिला. पण साप्ताहिकांत कुजबुज सुरू झाली होती की हिमुरोची आई गेलेलीच नाही. ती थांबवायला एकच फोटो पुरे होता, डोंगरावरच्या थडग्यासमोर मुलगा हात जोडून उभा.

"मग काढा की," शोहेई म्हणाला. "बापाचं थडगं आहे. आम्ही कुठे नाही म्हणतोय?"

"आहे ना, पण..." नेझु चाचरला. "त्या दगडावर आजींचंही नाव कोरलेलं आहे. आणि आजी हयात आहेत, म्हणजे ते लाल असणार."

लाल असणारच. नवरा गेला की त्याच्या शेजारी बायकोचंही मरणानंतरचं नाव कोरून घ्यायचं आणि ती हयात आहे तोवर अक्षरांत लाल रंग भरायचा, ही तिकडची रीत. लाल रंग म्हणजे जागा राखून ठेवली आहे, माणूस अजून यायचा आहे.

"फक्त आजचा दिवस," नेझु म्हणाला. "त्या लाल अक्षरांवर थोडी शाई फिरवली तर..."

मित्सुयोने हातातला पेला असा ठेवला की चहा उसळला. "म्हणजे आमच्या जित्या आईला दगडावर मारायचं! आणि दादा, तू ऐकून घेतोस?"

"मी कुठे ऐकून घेतोय?" शोहेईचा चेहरा भट्टीसारखा लाल झाला होता. "युसाकु, तू बोल. तुझ्या तोंडाने बोल. या माणसाला पुढे घालू नकोस. आईला मारून पोट भरणारा एकच मुलगा बघितला मी, आणि तोही माझाच भाऊ."

युसाकु खाली मान घालून बसला होता. "दादा, माझं काही म्हणणं नाही."

"म्हणणं नाही? अख्ख्या देशाला रडवतोस, आणि घरात म्हणणं नाही?"

"वन्सं, तुम्ही जरा..." फुसाए फडकं घेऊन मधे आली. तिला दिराचे हात दिसले. ते गुडघ्यांवर नीट ठेवलेले होते, नटाने ठेवावे तसे, पण अंगठा आत मुडपून मूठ घट्ट आवळलेली. हा निर्लज्जपणा नव्हे, तिच्या मनात आलं. हा काहीतरी गिळून बसलाय.

"माझ्याबद्दल बोलणं चाललंय ना?" इनेआजी म्हणाल्या. "मग मलाच विचारा की कोणीतरी. नेझुसाहेब, हे नाही केलं तर काय होईल?"

नेझुने खोटं सांगितलं नाही. "सिनेमा जाईल. गाणंही बंद पडेल बहुतेक. आणि स्टुडिओत आता हिमुरोंना काम उरलेलं नाही."

इनेआजींनी खिडकीतून नव्या चिमणीकडे पाहिलं. "लावा शाई. रंगच तो. आज काळा, उद्या पुन्हा लाल."

"आई!" मित्सुयो ओरडली.

"ओरडू नकोस. मुलांसाठी बायका काय काय करतात. मला तर नुसतं एक दिवस मरायचंय, आणि तेही डोंगरावर हवा खात. पण एक अट आहे. मला मारायचं ते माझ्यादेखत. मी येणार वर."

शोहेई उठला आणि जिना उतरून गेला. जिन्याची प्रत्येक पायरी त्याच्या रागाने वाजली.

देवळातले मंत्र झाले, उदबत्त्या झाल्या, आणि सगळे डोंगराची वाट चढू लागले. पुढे भटजी, मागे काठी टेकत इनेआजी, त्यांच्या कोपराला मित्सुयो. शोहेईच्या हातात पाण्याची बादली आणि न्हाणीघराचा ताठ केसांचा ब्रश. दर महिन्याला तो याच वाटेने याच ब्रशाने बापाचं थडगं धुवायला जायचा; पाऊस असो की बर्फ, एक महिना चुकला नव्हता. नेझुच्या खिशात शाईची बाटली होती आणि तो खिसा हाताने दाबून धरत होता. सगळ्यांत मागे युसाकु. फुसाएने दोनदा वळून पाहिलं. तो चढत होता, पण घसरणीवरून चालावं तसा, प्रत्येक पावलाला थबकत.

वर समुद्राचा वारा होता. खारट, खरखरीत. पाईनची झाडं सगळी एकाच बाजूला वाकलेली.

नेझु सगळ्यांआधी पोहोचला आणि वळून म्हणाला, "अरे वा! तुम्ही आधीच लावून ठेवलीत होय शाई?"

"कसली शाई?" शोहेई म्हणाला.

सगळे दगडासमोर आले. बापाचं नाव होतं, शेजारी आईचं नाव होतं. दोन्हींची अक्षरं एकसारखी, दगडाच्याच रंगाची. लाल म्हणून टिपूसही नव्हतं.

"दादा," मित्सुयो म्हणाली, "रंग कुठे गेला?"

"कुठे जाईल? आहे की तिथेच." शोहेई खाली वाकला. त्याने अक्षराच्या खोबणीत बोट घातलं, फिरवलं, बोट वर धरून पाहिलं. "गेल्या महिन्यात तर..."

"गेल्या महिन्यात होता?"

त्याच्या हातात तो ब्रश होता आणि बादलीच्या तळाशी फरशा धुवायचा सोडा. न्हाणीघरवाल्याचा हात. जे दिसेल ते घासायचं, चकचकीत करायचं, ही तीन पिढ्यांची सवय. बारा वर्षं महिन्यामागून महिना त्याने बापाबरोबर आईचंही नाव घासलं होतं. रंग थोडाथोडा जातो तेव्हा नेहमी पाहणाऱ्यालाच ते दिसत नाही.

"एवढा घासलास मला?" इनेआजी म्हणाल्या. "शोहेई, अरे घासून घासून मारलंस की."

मित्सुयो हसली आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला. शोहेई हसला नाही. थोरला मुलगा म्हणून त्याच्या वाट्याला जे एक काम निर्विवाद आलं होतं, जे तो कोणापेक्षाही नीट करतो अशी त्याची खात्री होती, ते बोटाला लागलेल्या धुळीत त्याला दिसत होतं.

"छान झालं की!" नेझु घाईने म्हणाला. "म्हणजे शाईचा प्रश्नच मिटला. कोणी काही केलं नाही, कोणाला दोष नाही. हिमुरो, या ना. इथे उभे राहा. उजेड चांगला आहे."

पण हिमुरो आला नाही. तो शेजारच्या थडग्याच्या कठड्यावर बसला होता आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. फुसाएने पाहिलं, आणि तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. सगळे दगडाकडे बघून दचकले होते. हा दचकला नव्हता. याने हे आधी पाहिलं होतं.

तिला तो फोन आठवला. वर्षअखेरीची संध्याकाळ होती. पलीकडून कोणी बराच वेळ बोलेना. मग दिराचा आवाज आला, "वहिनी, आई आहे?" ती म्हणाली होती, "आहे की. चौकीवर बसल्यात, बोलावू का?" त्यावर पलीकडून एक विचित्र आवाज आला, हसल्यासारखा, आणि फोन बंद झाला. तिला वाटलं होतं, प्यायलेत.

"भावोजी," ती हळू म्हणाली, पण वाऱ्याने ते सगळ्यांपर्यंत नेलं. "तुम्ही इथे येऊन गेला होता. गेल्या साली. हो ना?"

युसाकुने मान वर केली. "कानाझावाला शूटिंग होतं," तो म्हणाला. "एक दिवस मोकळा मिळाला. बस धरून आलो. घरी यायची हिंमत होईना, म्हटलं आधी बाबांना भेटावं, मग उतरता उतरता बघू. आणि बघतो तर..." त्याने दगडाकडे हात केला. "आईचं नाव. लाल नाही."

पाईनच्या सुया तेवढ्या वाजत होत्या.

"वाटलं, गेली. आणि मला कोणी कळवलंसुद्धा नाही."

"अरे, घर दोन वळणांवर होतं!" शोहेईचा आवाज फाटला. "उतरून विचारायचं!"

"कोणाला? पायरी चढू नकोस म्हणाला होतास."

"मी... ते सात वर्षांपूर्वी... अरे, दगडाच्या बाजूला तारीख असते, माणूस गेल्याची! ती तरी बघायचीस!"

"दादा, अक्षरं दिसत नव्हती रे मला."

शोहेईने बादली खाली ठेवली. ठेवताना ती कलंडली आणि पाणी सगळ्यांच्या पायांतून उताराला लागलं.

"पुढच्याच आठवड्यात रेकॉर्डिंग होतं," युसाकु सांगत राहिला. "वर्षाच्या शेवटी दरवर्षीसारखं पार्सल आलं, वाळवलेली पर्सिमन फळं. दोरीला आईचीच गाठ. मी त्या पार्सलसमोर बसून किती वेळ हसत होतो कुणास ठाऊक. मग फोन केला. वहिनींनी उचलला. पण तोवर तबकड्या छापून झाल्या होत्या."

"मी गप्प राहा म्हणालो," नेझु म्हणाला. त्याचा आवाज एकदम बदलला होता. "तो माझा दोष."

इनेआजी काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. "नेझुसाहेब, एक सांगा. गाण्यात हा जे मधे बोलतो, ते कोणी लिहून दिलं?"

"आजी, कागदावर दुसरंच होतं. बंदराचा दिवा, वाट पाहणारे डोळे, असलं काहीतरी. हे माइकसमोर उभे राहिले, वाद्यं थांबली, आणि हे बोलून गेले. वादकांनी मान वर केली नाही. आम्ही पुन्हा घेतलंच नाही. घ्यायची छाती झाली नाही कोणाची."

इनेआजी मुलाजवळ गेल्या. तो बसलेला असल्यामुळे दोघांची तोंडं एका उंचीवर आली. त्यांनी हात उचलला आणि त्याच्या गालावर एक सणसणीत चापट दिली. कावळा उडाला.

"मागितली होतीस ना," त्या म्हणाल्या. "घे. आणि बोलतेय मी. ऐकू येतंय ना?"

तो हात तिथेच, गालावर राहिला.

फोटोवाल्याला काय करावं कळेना. तो एकदा कॅमेरा वर घ्यायचा, एकदा खाली. तेवढ्यात शोहेई पुढे झाला, आणि जे बोलला ते त्या घरात कोणी स्वप्नातही ऐकलं नसतं.

"युसाकु, ऊठ. उभा राहा तिथे. काढून घे फोटो."

"दादा?" मित्सुयोला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "सकाळी तूच ना म्हणत होतास..."

"सकाळचं सोड. चूक माझी आहे. माझ्या हाताने आई मेली, तेव्हा हा रडला. आता त्याचं त्याला मिळू दे. एक फोटो. नायकाचा रोल आहे त्याला." त्याने कलंडलेली बादली उचलून बाजूला ठेवली. "आयुष्यभर लोकांच्या तलवारीने मरतोय तो."

"नाही जमणार, दादा."

"तू नट आहेस ना?" इनेआजी म्हणाल्या. "नटाला जमत नाही म्हणजे काय? मी तयार आहे, हा तयार आहे."

"आई, या दगडासमोर मी एकदा खरा उभा राहिलोय." युसाकु उठला आणि नेझुसमोर कमरेत वाकला. "नेझुसाहेब, दुसरं काहीही सांगा. पुन्हा दुष्टाचं काम द्या, चिखलात लोळवा. पण इथे खोटं उभं राहायला सांगू नका. सिनेमा गेला तर जाऊ दे."

नेझुने खिशावरचा हात काढला. सिनेमा आता जाणार हे त्याला माहीत होतं. त्याच्याही नोकरीतलं बरंच काही त्याबरोबर जाणार होतं. तो नुसता "हं" म्हणाला आणि टोपी काढून डोकं खाजवू लागला.

"ठरलं मग," इनेआजी म्हणाल्या. "आता रंग भरा."

भटजींनी घसा साफ केला. "दगडकाम करणाऱ्याला निरोप देतो. त्याच्याकडे खास रंग असतो. पुढल्या आठवड्यात येईल."

"पुढल्या आठवड्यापर्यंत मी काय मेलेली राहू?"

मित्सुयोने थैली उलटीपालटी केली. तीत वड्या होत्या, रंग नव्हता. आणि मग फुसाएने, कानापर्यंत तापत, काळ्या किमोनोच्या कमरपट्ट्यात बोटं घातली आणि सोनेरी टोपणाची लिपस्टिक बाहेर काढली.

वीस वर्षांत त्या घरात कोणी तिच्या ओठांना रंग पाहिला नव्हता.

"श्राद्धाला?" इनेआजींनी विचारलं.

"लावली नाही, आई. नुसती घेतली होती. फोटोवाला येणार होता ना, म्हटलं... कदाचित..."

"किती लाल आहे बघू." म्हातारीने टोपण काढून पाहिलं, निरखलं, आणि सुनेकडे अशी नजर टाकली की फुसाएला मरेपर्यंत ती पुरली. "चांगली निवडलीस. शोहेई, घे. तूच मारलंस, तूच भर."

शोहेई गुडघ्यांवर बसला. जाड बोटांत ती लिपस्टिक काडीसारखी दिसत होती. वारा होता, आणि खाऱ्या हवेने दमट झालेल्या दगडावर रंग धरत नव्हता. युसाकुने कोट काढला आणि भावाच्या पाठीशी दोन्ही हातांनी पसरून धरला.

"डावीकडे. दादा, डावीकडे सुटलंय."

"दिसतंय मला."

"काय दिसतंय? बाहेर चाललाय रंग," इनेआजी म्हणाल्या. "माझं नाव आहे, भिंत नाही."

"अहो, पुरवून वापरा," फुसाए म्हणाली, आणि सगळ्यांत आधी शोहेईच हसला, सात वर्षांत पहिल्यांदा भावाच्या इतका जवळ.

तेव्हा फोटोवाल्याने बटण दाबलं. त्याला कोणी दाब म्हणालं नव्हतं, आणि नको असंही म्हणालं नाही.

तो फोटो साप्ताहिकात अर्धं पान आला. 'हिमुरोची मेलेली आई मुलांना रागावताना'. लोकांनी पोट धरून हसून घेतलं, टीव्हीवर विनोद झाले. कंपनीने सिनेमा रद्द केला, रेडिओने गाणं लावणं सोडलं. कुरोहामाच्या न्हाणीघरात मात्र ते आणखी जोरात म्हटलं जाऊ लागलं, आता बोलण्याची ओळ आली की भिंतीअलीकडून बायका एका सुरात ओरडायच्या, "आहे रे, आहे!"

नेझुची त्याच वर्षी बदली झाली आणि दोन वर्षांनी नोकरी सुटली. त्याने तोक्योत एका गल्लीत सहा माणसं बसतील एवढं दारूचं दुकान काढलं. ते बरं चाललं म्हणतात. मित्सुयोच्या नवऱ्याने माशांच्या वड्यांवर हिमुरोचं चित्र छापलं, न विचारता, आणि त्यावरून बहीण-भावांचं वर्षभर भांडण झालं. पुढे तिच्या मुलीच्या लग्नात ते मिटलं. शोहेईने आणखी अकरा वर्षं न्हाणीघर चालवलं. मग घरोघर नळाला गरम पाणी आलं आणि त्याने स्वतःच्या हाताने बंब विझवला. नंतर तो दिवसातून तीनदा घरातल्या न्हाणीत बसायचा आणि पाणी नीट तापत नाही म्हणून कुरकुरायचा.

युसाकु पुन्हा दुष्ट झाला. टीव्हीच्या तलवारीच्या मालिकांत दर आठवड्याला मरू लागला, आणि गरम झऱ्यांच्या हॉटेलांत जेवणाऱ्या पाहुण्यांसमोर गाऊ लागला. मोठा गायक तो कधी झाला नाही. पण दर वर्षअखेरीला घरी येऊ लागला, आणि पायरी कोणाला न विचारता चढू लागला.

इनेआजी शोवा एकोणसाठ, म्हणजे १९८४ साली गेल्या, अठ्ठ्याऐंशीच्या होऊन, दुपारच्या झोपेत. मुलाला या वेळी घरच्यांनी तासाभरात कळवलं. तो आला, शेवटपर्यंत आईजवळ बसला, आल्यागेल्याला नमस्कार केले. पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. अंत्यविधीच्या जेवणात गावची माणसं एकमेकांना कोपरं मारत होती. बघा, नटाची जात. तबकडीवर रडतो, आणि इथे कोरडा.

फुसाए त्या माणसांना चहा देत होती. तिने ऐकलं आणि पेले भरले. ते रडणं तो अठरा वर्षांपूर्वी करून बसला होता, डोंगरावरून बसच्या थांब्यापर्यंतच्या उतारावर, एकटा, आणि तेव्हा त्याला चहा द्यायला कोणी नव्हतं.

तिने एक पेला त्याच्यासमोर नेऊन ठेवला.

"प्या, भावोजी," ती म्हणाली. "गरम आहे."